लिनक्सवर गेम चालेना? आधी बघा, नेमकं अडलंय कुठे

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. जादा सुरक्षा अपडेट्ससाठी नाव नोंदवलं असेल, तर आणखी एक वर्ष मिळतं, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप अजून ठणठणीत चालतोय, पण विंडोज ११ त्याला घरात घेत नाही. दुकानात विचारलं तर एकच उत्तर मिळतं: "नवीनच घ्या."

देवगाव फाट्यावरून सेलूला किंवा जिंतूरला कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी "नवीनच घ्या" म्हणजे चाळीस-पन्नास हजारांची गोष्ट. त्याच्यापुढे फुकटचा एक पर्याय आहे, लिनक्स. ब्राउझर, अभ्यास, कोडिंग हे सगळं त्यावर आरामात होतं. पण खरा प्रश्न तो दबक्या आवाजातच विचारतो: "गेम चालतील का?"

याचं उत्तर "हो" असंही नाही आणि "नाही" असंही नाही. कोणता गेम, त्यावर सगळं आहे. आणि गेम अडला, तर तो तीनपैकी एका ठिकाणी अडतो. त्यातल्या दोन ठिकाणी तुम्ही स्वतः काहीतरी करू शकता. तिसऱ्या ठिकाणी डोकं आपटून उपयोग नाही. हा फरक कळला, तर कित्येक रात्री आणि कित्येक जीबी डेटा वाचतो.

लिनक्स तर तुमच्या खिशातच आहे

तुमचा अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. मेमरी कुणाला किती द्यायची, स्क्रीन, स्पीकर, वाय-फाय कोण कधी वापरणार, हे तो ठरवतो.

मग फोनवरचा बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स लॅपटॉपच्या लिनक्सवर का चालत नाही? गाभा सारखा असला तरी वरचं सगळं घर वेगळं आहे. अँड्रॉइड ॲपला अँड्रॉइडच्या लायब्ररी लागतात, आणि हे गेम फोनमधल्या एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेले असतात. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडी असतो. ब्लूस्टॅक्स आणि गेमलूप लिनक्ससाठी मिळत नाहीत. 'वेड्रॉइड' नावाचं साधन लिनक्सवर अँड्रॉइड चालवतं, साधी ॲप्स त्यात ठीक चालतात. पण चीटिंग पकडणारी यंत्रणा असलेले ऑनलाइन गेम त्यात खेळू नका, अकाउंट बॅन व्हायची भीती असते. बीजीएमआय फोनवरच खेळा, तो फोनसाठीच बनला आहे.

आता लॅपटॉपच्या गेम्सकडे येऊ.

दुभाष्याचं काम: वाइन आणि प्रोटॉन

विंडोजचा गेम सतत विंडोजकडे काहीतरी मागत असतो. "ही फाइल उघड." "हा आवाज वाजव." "इथे हा त्रिकोण काढ." लिनक्सला ही भाषा कळत नाही.

१९९३ साली सुरू झालेलं 'वाइन' नावाचं सॉफ्टवेअर इथे दुभाष्याचं काम करतं. तुम्ही चेन्नईला गेलात, तुम्हाला तमिळ येत नाही, सोबत दुभाषी आहे. तुम्ही मराठीत बोलता, तो तमिळमध्ये सांगतो, काम होतं. वाइन विंडोजची प्रत्येक मागणी लिनक्सच्या भाषेत पोचवतं. ते एम्युलेटर नाही. गेमचा कोड तुमच्या प्रोसेसरवर थेटच चालतो, भाषांतर फक्त मागण्यांचं होतं. म्हणूनच वेग फारसा कमी होत नाही.

अवघड भाग ग्राफिक्सचा होता. विंडोजचे गेम 'डायरेक्टएक्स' वापरतात, आणि लिनक्सकडे आहे 'व्हल्कन'. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'नियर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतलं. डायरेक्टएक्सचं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा हा थर. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि आणखी काही तुकडे एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणलं. सुरुवातीला त्यांनी तपासून दिलेले गेम होते फक्त २७. २०२२ मध्ये स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र आलं. त्याच्या आत लिनक्सच आहे, त्यामुळे प्रोटॉन सुधारणं ही कंपनीचीच गरज बनली. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्स वापरणारे पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान दिसतो, पण काही वर्षांपूर्वी तो एका टक्क्याच्या आसपास घुटमळत होता.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' ऑक्टोबर २०२० मध्ये पीसीवर आला. अनरियल इंजिन ४ वर बनलेला, एकट्याने खेळायचा गेम. त्यात चीटिंग पकडणारी यंत्रणा नाही. असे गेम प्रोटॉनसाठी सगळ्यात सोपे. बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळं काही केलं नाही तरी भाषांतरावर काम भागतं. याउलट पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तो फोनसाठी, आणि ऑनलाइन बॅटल रॉयल म्हणून. दोन्ही गेम पुण्याचे, पण लिनक्सच्या दृष्टीने दोन टोकं. गेम कुठला आहे, किती जड आहे, यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे हे आधी बघायचं.

तीन रस्ते

जिंतूर–जालना रस्त्यावर देवगाव फाट्याला सेलूकडे रस्ता फुटतो. तिथे चुकीचं वळण घेतलं, तर गाडी कितीही जोरात पळवा, पोचाल भलत्याच गावाला. गेम अडला की तसंच होतं. लोक ग्राफिक्सची अडचण असताना लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करतात, आणि अँटी-चीटची अडचण असताना ड्रायव्हर बदलत बसतात. म्हणून आधी रस्ता ओळखा.

रस्ता पहिला: ड्रायव्हर आणि ग्राफिक्स

लक्षणं: गेम उघडतच नाही, काळी स्क्रीन येते, व्हल्कनबद्दल एरर दिसते किंवा स्लाइड शो बघतोय असं वाटतं.

लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर लिनक्स मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून किंवा उबंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून कंपनीचा ड्रायव्हर टाका. सोबत येणारा मोफत ड्रायव्हर स्क्रीन दाखवण्यापुरता ठीक, गेमसाठी बरेचदा अपुरा पडतो. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात, सिस्टम अपडेट ठेवली की झालं.

जुन्या मशीनवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. प्रोटॉन ८ पासून पुढच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ग्राफिक्स आणि एनव्हिडियाची ७०० मालिकेतली बरीच जुनी कार्डं तिथपर्यंत पोचत नाहीत. अशा वेळी स्टीममध्ये त्या गेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, 'कम्पॅटिबिलिटी' उघडा आणि 'प्रोटॉन ७' निवडा. एवढ्या एका बदलाने बरेच जुने गेम चालू होतात.

आणि एक गोष्ट मान्य करून टाका. लिनक्स टाकल्याने कमजोर ग्राफिक्स चिप ताकदवान होत नाही. जो गेम विंडोजवर अडखळत होता, तो इथेही अडखळणार.

रस्ता दुसरा: भाषांतरात राहून गेलेलं काहीतरी

लक्षणं: गेम चालतो, पण मधले व्हिडिओ काळे दिसतात किंवा त्यांच्या जागी रंगीत पट्टे येतात. आवाज फाटतो. लाँचरच अडकून बसतो. ठरावीक जागी गेम बंद पडतो.

म्हणजे दुभाष्याला काही शब्द आले नाहीत. यावर उपाय आहेत, आणि या क्रमाने करा:

१. प्रोटॉनची दुसरी आवृत्ती लावून बघा. 'प्रोटॉन एक्सपेरिमेंटल'मध्ये ताज्या दुरुस्त्या असतात.

२. 'जीई-प्रोटॉन' वापरा. ही प्रोटॉनचीच, एका प्रोग्रॅमरने जादा दुरुस्त्या करून दिलेली आवृत्ती. व्हिडिओच्या तक्रारी यात बरेचदा सुटतात. 'प्रोटॉनअप-क्यूटी' नावाच्या ॲपमधून ती टाकता येते.

३. गेमची लिनक्स आवृत्ती असूनही नीट चालत नसेल, तर मुद्दाम प्रोटॉन लावून विंडोजची आवृत्ती चालवा. काही कंपन्या लिनक्सची आवृत्ती एकदा काढतात आणि नंतर तिच्याकडे बघतही नाहीत.

४. 'प्रोटॉनडीबी' या साइटवर गेमचं नाव शोधा. तिथे लोक आपलं मशीन, ड्रायव्हर आणि काय केल्यावर गेम चालला हे लिहितात. त्यांनी दिलेला 'लाँच ऑप्शन' जसाच्या तसा कॉपी करून गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये टाका. रिपोर्ट मात्र ताजे बघा, तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आज लागू पडेलच असं नाही.

५. काहीच जमलं नाही, तर त्या गेमचं 'प्रीफिक्स' काढून टाका. प्रीफिक्स म्हणजे प्रोटॉनने त्या गेमसाठी बनवलेलं छोटं खोटं-खोटं विंडोज. ते पुढच्या वेळी नव्याने तयार होतं. पण थांबा! ज्या गेमला क्लाउड सेव्ह नाही, त्याची सेव्ह फाइल बहुतेक वेळा याच फोल्डरमध्ये असते. आधी तिची कॉपी काढा, मगच डिलीट करा.

आणखी एक अडचण आहे, आणि ती कुठलीच एरर नीट सांगत नाही. बरेच जण विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवतात, आणि डेटा वाचवायचा म्हणून विंडोजच्या 'डी' ड्राइव्हवर आधीच असलेला गेम लिनक्समधून चालवतात. कल्पना चांगली आहे, पण तो ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असतो. प्रोटॉनला प्रीफिक्समध्ये अशा नावांच्या लिंक बनवाव्या लागतात, ज्यात अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबं असतात. एनटीएफएसवर ते नीट जमत नाही. भरीला विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर तो ड्राइव्ह लिनक्सला फक्त वाचायला मिळतो, लिहायला नाही. मग प्ले दाबलं की बटण क्षणभर हलतं आणि परत जागेवर येतं. उपाय साधा आहे: गेमचा फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर कॉपी करा. पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही, स्टीम फाइली तपासून घेतं.

उबंटू वापरत असाल तर स्टीम त्याच्या ॲप सेंटरमधून घेऊ नका. तिथे स्नॅप पद्धतीचं पॅकेज मिळतं, आणि त्याच्या तक्रारी एवढ्या आल्या की व्हॉल्व्हच्या लोकांनीच ते न वापरण्याचा सल्ला दिला. स्टीमच्या साइटवरून डेब फाइल घ्या.

रस्ता तिसरा: अँटी-चीट

लक्षणं: मेनूपर्यंत सगळं छान, आणि मॅच सुरू करताना तुम्हाला बाहेर काढलं जातं. किंवा गेम सुरुवातीलाच सांगतो, ही सिस्टम चालणार नाही.

दहावी-बारावीच्या परीक्षेतलं भरारी पथक आठवा. अँटी-चीट म्हणजे तेच. साधं पथक वर्गात येतं, बेंच बघतं, जातं. पण व्हॅलोरंटचं 'व्हॅनगार्ड' थेट कर्नलमध्ये बसतं, म्हणजे शाळेच्या सगळ्या चाव्या मागतं. विंडोजचा कर्नल मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात असतो, त्यामुळे पथकाला कुणावर तरी भरवसा ठेवता येतो. लिनक्सचा कर्नल तुम्ही स्वतः बदलू शकता. लिनक्सचं हे मोठं बळ आहे, पण पथकाच्या नजरेत तुम्ही विद्यार्थीही आणि मुख्याध्यापकही! शिवाय सोबत दुभाषी आहे. ते आत सोडत नाहीत.

इथे तांत्रिक अडचणीपेक्षा कंपनीचा निर्णय मोठा असतो. 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन्ही यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेमच्या कंपनीने परवानगी दिली तरच. 'एल्डन रिंग'ने दिली, तो चालतो. फोर्टनाइटने दिली नाही. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत होता, पण ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीने चीटिंगचं कारण देऊन लिनक्सवाल्यांना बंद केलं. जीटीए फाइव्हमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं आणि लिनक्सवरचं ऑनलाइन गेलं, मात्र त्यातली एकट्याने खेळायची कथा खेळता येते. व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजेंड्स, पीसीवरचा पबजी, कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोन, बॅटलफील्ड ६ हे लिनक्सवर चालत नाहीत.

चालणारे ऑनलाइन गेमही आहेत. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांची तर लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती आहे. मार्व्हल रायव्हल्स प्रोटॉनवर चालतो.

कोणता गेम कुठल्या गटात आहे हे 'आर वुई अँटी-चीट येट' या साइटवर बघता येतं. आणि "या ट्रिकने लिनक्सवर व्हॅलोरंट खेळा" असा व्हिडिओ दिसला, तर पुढे सरका. अँटी-चीटला चकवायला गेलात, तर वर्षभर जपलेलं अकाउंट एका दिवसात जातं.

डाउनलोडच्या आधी हिशोब करा

शहरात फायबर असतो, तिथे गेम चालला नाही तर डिलीट करून दुसरा घेता येतो. आपल्याकडे अनलिमिटेड फाइव्ह-जीची रेंज नसेल, तर रोजच्या २ जीबीच्या पॅकवर १०० जीबीचा गेम उतरवायला ५० दिवस लागतात. म्हणून:

- आधी प्रोटॉनडीबी बघा, मग डाउनलोड. 'प्लॅटिनम' आणि 'गोल्ड' असेल तर बिनधास्त, 'बोर्क्ड' असेल तर नाद सोडा.
- स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'शेडर प्री-कॅशिंग' असतं. गेम पहिल्यांदा अडखळू नये म्हणून ते आधीच फाइली उतरवून ठेवतं, पण त्या अपडेट होत राहतात आणि डेटा खातात. डेटा कमी असेल तर ते बंद करा. सुरुवातीला थोडं अडखळेल, नंतर ठीक होईल.
- मित्राकडे तोच गेम स्टीमवर असेल, तर दोन्ही लॅपटॉप एका वाय-फायवर जोडा. 'लोकल नेटवर्क ट्रान्सफर'ने गेम त्याच्या मशीनवरून येतो. त्याच्याकडे विंडोज असलं तरी चालतं, कारण प्रोटॉनला विंडोजच्याच फाइली लागतात. गेम मात्र तुमच्या अकाउंटवर असायला हवा.
- विकत घेतलेला गेम चालला नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. ते दोन तास सेटिंग बदलण्यात घालवू नका.
- एपिकवर दर आठवड्याला मिळणारे फुकट गेम 'हिरोइक' नावाच्या ॲपमधून लिनक्सवर उतरवता येतात.

पेन ड्राइव्हमधून फिरणाऱ्या 'रीपॅक'बद्दलही सांगतो. त्यांचे इन्स्टॉलर वाइनमध्ये बरेचदा मधेच अडकतात, आणि कुठे अडकले हे सांगायलाही कुणी नसतं. "लिनक्सवर व्हायरस येत नाही" यावरही विसंबू नका. वाइनमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला साधारणपणे तुमचा होम फोल्डर दिसतो. त्यात तुमचे फोटो आहेत, प्रोजेक्ट आहेत, मार्कशीटची पीडीएफ आहे. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस वाइनच्या मदतीने तिथपर्यंत पोचू शकतो.

मग लिनक्स टाकायचं की नाही?

एका कागदावर गेल्या महिन्यात खरोखर खेळलेले पाच गेम लिहा. "कधीतरी खेळायचे आहेत" असे नाही, खरोखर खेळलेले. प्रत्येकासमोर त्याचा रस्ता लिहा.

व्हॅलोरंट किंवा जीटीए ऑनलाइन वर असेल आणि संध्याकाळची सगळी मित्रमंडळी तिथेच भेटत असेल, तर त्या गेमसाठी विंडोज ठेवा. यात कमीपणा काहीच नाही. डिस्कवर जागा असेल तर दोन्ही शेजारी ठेवा: अभ्यास, ब्राउझिंग, बँक लिनक्सवर आणि तेवढा एक गेम विंडोजवर. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर यूपीआय आणि ईमेल न वापरणं यातच शहाणपण आहे.

यादीत काउंटर-स्ट्राइक २, जीटीए सॅन अँड्रियास, राजी, एकट्याने खेळायचे जुने-नवे गेम असतील, तर विंडोजवर अडून बसायचं कारण उरत नाही. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका आणि इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं चालतात का ते तपासा. फोटो आणि सेव्ह फाइलींचा बॅकअप घ्या. मग यादीतला सगळ्यात लहान गेम आधी उतरवा, सगळ्यात मोठा नाही. तो चालला, म्हणजे ड्रायव्हर, प्रोटॉन, डिस्क सगळं जागेवर आहे. पुढचा एखादा अडला, तर अडचण त्या गेमची आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल. लॅपटॉप बदलायची गरज नाही, आणि लिनक्स पुन्हा टाकायचीही नाही.